सहाव्या दिवसाची ऊब

मी एक जुनी उबपेटी आहे, मित्रांनो. धाराशिवच्या एका दवाखान्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, भिंतीला पाठ लावून उभी आहे. माझ्या डोक्यावर कुणी हेल्मेट ठेवतं, कुणी डबा. एकदा एका आजोबांनी मला तिजोरी समजून कुलपाचं भोक शोधलं होतं. मी तिजोरी नाही, फ्रिजही नाही. फ्रिज गारवा राखतो, मी ऊब राखत होते. आता माझ्यात वीज नाही, तरी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. दोन मिनिटं टेका.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. काही आईबाबांच्या घरी बाळ आपणहून येत नाही. मग डॉक्टर आईच्या शरीरातलं बीज आणि बाबांच्या शरीरातलं बीज काचेच्या छोट्या बशीत एकत्र आणतात. त्यातून जो जीव धरतो त्याला भ्रूण म्हणतात. तुमच्या वहीतल्या पूर्णविरामाहूनही ते लहान असतं. आईच्या पोटात जाण्याआधी त्याला काही दिवस पोटासारखीच ऊब लागते, पोटासारखाच अंधार लागतो, मोजून दिलेली हवा लागते. ते घर म्हणजे मी. सदतीस अंश, ना जास्त ना कमी. कीर्तनात बुवा एकच चरण धरतात आणि दोन तास तोच उलगडत राहतात ना, तसा माझा जन्मभराचा चरण एकच होता: सदतीस अंश.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट आठवत नाही. लांबच्या एका कारखान्यात पत्रा वाकवला, तांब्याच्या तारा बसवल्या, दोन काचा लावल्या, एवढंच ध्यानात आहे. पहिली वर्षं पुण्यात गेली. तिथं माझ्यापेक्षा देखण्या पेट्या आल्या, तेव्हा मला टेम्पोत घालून धाराशिवला आणलं. प्रवासात पाठीवरची पट्टी घासली गेली आणि तिच्यावरचं माझ्या जन्माचं वर्ष पुसलं. इथल्या कागदावर मी दोन वर्षांनी लहान झाले. कुणी लबाडी केली असं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं अंदाजानं लिहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

धाराशिवला आले तेव्हा माझं केवढं कौतुक झालं. नारळ फुटला, पण माझ्यापासून वीस पावलं लांब. कारण माझ्या खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, कापूर नको. धुराचे आणि सुवासाचे कण हवेतून आत शिरतात आणि त्या इवल्या जिवांना बाधतात. या राखणीला बलभीममामा होता. तो मूळचा तेरखेड्याचा. तरुणपणी फटाक्यांच्या कारखान्यात होता, पुढं फटाक्यांच्या दारूची धूळ छातीत बसली म्हणून ते काम सोडलं. पण नाक असं तयार झालेलं की तीन खोल्यांपलीकडे कुणी विडी पेटवली तरी त्याला कळायचं. दवाखान्याची वीज, जनरेटर आणि माझ्या हवेच्या टाक्या त्याच्याकडे होत्या. मामा पक्का कीर्तनवेडा. गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा अखंड उभी असते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. मामाचा पहारा ठरलेला, दुपारी दोन ते चार. बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. माझ्या खोलीच्या दारात उभा राहून तो नव्या पोरांना सांगायचा, "हितं रोजच सप्ताह हाय. फकस्त वीणा न्हाय, पेटी हाय. ऊब खाली ठिवायची न्हाय."

आतलं काम समृद्धीताईचं. ती सूक्ष्मदर्शकातून भ्रूणं बघायची आणि त्यांची हालहवाल लिहायची. हात असा हलका की बशी उचलली तर बशीलाही कळू नये.

अशी बरीच वर्षं गेली. मग गेल्या साली नवी पेटी आली. तिच्या पोटात कॅमेरा आहे. दार न उघडताच भ्रूणाचं चित्र बाहेर पडद्यावर दिसतं. तिला सहा कप्पे, सहाही कायम भरलेले. मग दवाखान्यानं नियम केला, की अडतीस वर्षांपुढच्या बायकांची भ्रूणं नव्या पेटीत ठेवायची, त्यांना जास्त जपावं लागतं. अडतिशीच्या आतली माझ्याकडं. हळूहळू माझ्याकडं येणाऱ्या बशा कमी झाल्या. शेवटी ठरलं की एका सोमवारी सोलापूरहून इंजिनिअर येईल आणि मला बंद करून नेईल. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. वीणाही कधीतरी उतरतेच. पण सप्ताह पुरा झाल्यावर.

त्या सोमवारच्या पाच दिवस आधी, बुधवारी, तारामती आली.

माझ्या खोलीला एक लहान खिडकी आहे. पलीकडे ऑपरेशनची खोली. तिथून समृद्धीताईनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "नाव सांगा."

"तारामती वैजनाथ."

"वय?"

"छत्तीस."

"गाव?"

"माहेर ईट. सासरबी तिकडंच, शिवारापल्याड."

आवाज असा ठाम की मला वाटलं हिला भूल चढणारच नाही. दवाखान्याच्या महादेवी डॉक्टर शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या, "तारामती, आपलं बोलणं झालंय. ही तिसरी वेळ आहे. स्वतःच्या बीजानं करायचा हा शेवटचा प्रयत्न, असं तुम्हीच ठरवलंय."

"व्हय. ह्यात झालं तर झालं. न्हायतर मी आन् माझी मेंढरं सुखात राहू. पर अर्ध्यात सोडायचं न्हाय."

त्या दिवशी पाच बीजं मिळाली. चार पिकलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांमध्ये जीव धरला. तीन भ्रूणं, एक बशी. कागदावर छत्तीस म्हणून ती बशी माझ्याकडे आली, माझ्या खालच्या कप्प्यात. मी दार मिटलं आणि माझा चरण धरला.

समृद्धीताई मात्र थोडी खट्टू होती. डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, छत्तिशीला पाचच बीजं? औषध तर भरपूर दिलं होतं."

"होतं कधी कधी असं," डॉक्टर म्हणाल्या. पण आवाजात त्यांनाही पटलेलं नव्हतं.

शनिवार हा तिसरा दिवस. बीज मिळालं तो दिवस आम्ही शून्य धरतो. सकाळी ताईनं बशी बाहेर काढली, पाहिली आणि लिहिलं: एक भ्रूण आठ पेशींचं, एक सातांचं, एक चारच पेशींवर थांबलेलं.

त्याच सकाळी बाहेरच्या बाकड्यावर तारामती, तिचा नवरा वैजनाथ आणि तिची आई सिताबाई येऊन बसली होती. मला ती काचेच्या पट्टीतून दिसत होती. बाहेरचं बोलणं आत यावं म्हणून भिंतीला एक इंटरकॉम आहे. बलभीममामा तो बंद करायला नेहमी विसरतो, म्हणून ही गोष्ट मी तुम्हाला सांगू शकते.

सिताबाईनं पिशवीतून भंडाऱ्याची पुडी आणि उदबत्ती काढली. मामाचं नाक फुललं.

"आजी, ती उदबत्ती पेटवायची न्हाय."

"देवाची हाय बाबा."

"देवाचीच हाय. पर आत जी बसलीत ती देवापरीस ल्हान हायत. धूर सोसत न्हाय त्यास्नी."

"मग भंडारा?"

"पुडीतच राहू द्या. बिरुबाला पुडीतून दिसत असंल की."

सिताबाई हसली. पुडी परत ठेवताना पिशवीतून एक दोरी खाली पडली. काळ्या लोकरीची, हातानं वळलेली, गाठीच गाठी असलेली. मामानं उचलली. "ही कशाची? जपाची माळ का काय?"

"माळ कुठली. हिचं वय हाय ते." सिताबाईनं लेकीकडं बोट केलं. "आमाला लिवाय येत न्हाय. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळायची, लोकर कातरायची, आन् लेकराच्या नावानं एक गाठ मारायची. माझ्या सासूनं शिकवलं. हिच्या बापानं शंभर बकरी इकली आसतील, पर ही दोरी म्या हलू दिली न्हाय."

वैजनाथ गावातल्या शाळेत लिपिक आहे. तो गमतीनं म्हणाला, "मामी, मोजा की एकदा. छत्तीस भरतात का बघू."

"तूच मोज. तू शाळंतला."

त्यानं दोरी मांडीवर घेतली. मोजता मोजता त्याचं हसू गेलं. पुन्हा पहिल्या गाठीपासून मोजली. मग बायकोकडं बघितलं.

"चाळीस हायत."

"दोन डाव मारल्या आसतील," तारामती म्हणाली.

"म्या गाठ दोन डाव मारत न्हाय," सिताबाई म्हणाली. "भूकंपाच्या साली तू आठ वर्सांची हुतीस. पुढचे दोन दात नवं आलं हुतं. आमी मेंढरांमागं हिंडायचो, तवा शाळा कुठली. त्याच्या पुढं दोन वर्सांनी ईटला राहिलो आन् शाळंत घातली. गुरुजी म्हणलं, पयलीत बसायचंय ना, मग सहा वर्सांची लिवतो. म्या म्हणलं, लिवा. मला काय ठावं, कागद पुढं इतक्या लांब येतोय."

वैजनाथनं डोक्याला हात लावला. "एक जून. आमच्या रजिस्टरला निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच हाय. मी सोता लिवतो, आन् मलाच सुचलं न्हाय."

तारामती उठली. तिनं काचेवर टकटक केली. ही गोष्ट मला फार आवडली, मित्रांनो. आईनं अडवलं असतं, नवऱ्यानं म्हटलं असतं की राहू दे, आता कशाला. पण तिनं कुणाला विचारलंच नाही. समृद्धीताई बाहेर आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, माझं वय चुकलंय. छत्तीस न्हाय, चाळीस हाय. आता काय बदलतं ते सांगा."

आता तुम्ही विचाराल, चार वर्षांनी काय एवढं बिघडतं? सिताबाईनंही तेच विचारलं. समृद्धीताई तिच्या शेजारी बाकड्यावर बसली. मामाकडं बघून म्हणाली, "मामा, टाळकरी कसे उभे राहतात?"

"दोन रांगा. समोरासमोर."

"आजी, बाईच्या बीजात धाग्यांच्या जोड्या असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. डोळ्यांचा रंग, उंची, सगळं त्यांच्यात लिहिलेलं. त्या जोड्या टाळकऱ्यांसारख्या समोरासमोर उभ्या असतात. बीज पिकताना त्यांना सारखं वाटून दोन बाजूंना जायचं असतं. पण त्या केव्हापासून उभ्या आहेत ठाऊक आहे? तारामतीताई तुमच्या पोटात होत्या तेव्हापासून. बाईची सगळी बीजं ती जन्मायच्या आधीच तयार होतात. नवीन बनत नाहीत. पंचविशीपर्यंत उभं राहणं जमतं. चाळीस वर्षं उभं राहिल्यावर एखाद्याचा हात सैल होतो, आणि वाटणीच्या वेळी तो भलत्याच रांगेत जातो. मग ताल चुकतो."

"दिसतं का ते तुमाला?"

"नाही ना. तीच अडचण आहे. पहिले तीन दिवस भ्रूण बीजातल्या शिदोरीवर जगतं, आईनं बांधून दिलेल्या. त्यामुळं पंचविशीचं आणि चाळिशीचं भ्रूण आज शेजारी ठेवलं तर मलाही नेहमी फरक सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवसानंतर त्याला स्वतःची चूल पेटवावी लागते. तिथं बरीच थांबतात. वय जास्त असलं की जास्त थांबतात."

सिताबाई दोरी हातात फिरवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे आत पेटीत जी तीन हायत, त्यांचं बीज माझ्याबी पोटात हुतं?"

"हो आजी."

"त्या साली लई चालले हुते मी. बालाघाटातनं पार नदीपतोर. ती माझ्यासंगं चालली म्हणायची."

त्यानंतर महादेवी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. काही लपवलं नाही. "छत्तीस धरून मी तुम्हाला जो अंदाज दिला होता, तो आता धरू नका. शक्यता कमी आहे. दोन वाटा आहेत. आज जी दोन भ्रूणं चांगली दिसतात ती लगेच पोटात ठेवायची. किंवा पाचव्या दिवसापर्यंत पेटीत थांबायचं आणि कोणतं पुढं जातं ते बघायचं. थांबलो तर एकही न उरण्याची भीती खरी आहे. काही डॉक्टर म्हणतील आजच ठेवा, काही म्हणतील थांबा. मला खात्रीनं सांगता येत नाही. तुम्ही ठरवा."

वैजनाथ म्हणाला, "आजच ठिवू. हातातलं जायला नको."

तारामती म्हणाली, "मागच्या दोन्ही येळंला तिसऱ्या दिवशीच ठिवलं. पंधरा-पंधरा दिवस पोटावर हात ठिवून बसले. आत काय झालं ते मलाबी कळलं न्हाय, डॉक्टरीणबाईलाबी न्हाय. ह्या बारीला मला बघायचंय. थांबलं तर कुठं थांबलं ते कळंल. चाललं तर चाललं."

"आन् एकबी न्हाय राहिलं तर?"

"तर रडीन. पर कशासाठी रडले ते ठावं आसंल." मग आईकडं वळून म्हणाली, "आई, आशक्त कोकराचं तू काय करतीस?"

"उबीला ठिवते आन् थांबते," सिताबाई म्हणाली. "उगं वढून उभं करत न्हाय. त्याला उठायचं आसंल तर उठतं."

ठरलं. थांबायचं.

नियमानं आता ती बशी नव्या पेटीत जायला हवी होती, पण तिचे सहाही कप्पे भरलेले होते, आणि अशा वेळी घर बदलणं म्हणजे आणखी एक धक्का. समृद्धीताईनं माझ्या दारावर हात ठेवला. "म्हातारे, तुझ्यावर आहे आता," असं ती म्हणाली. मला म्हातारी म्हटल्याचा राग आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी माझं वय खरं सांगितलं होतं.

रविवारी दार एकदाही उघडलं नाही. मी ऊब धरून होते. गावच्या सप्ताहाचा तो पाचवा दिवस होता. मामानं फोन करून आपला पहारा दुसऱ्याला दिला. पलीकडच्यानं टोमणा मारला असावा, कारण मामा म्हणाला, "देव रागवंल म्हणतोस? आरं, त्यानंच धाडलंय मला हितं. तू वीणा धर, मी पेटी धरतो."

सोमवार उजाडला. पाचवा दिवस. ताईनं बशी काढली. चार पेशींचं तिथंच थांबलेलं. सातांचं काळवंडून गेलेलं. आठांचं मात्र मुठीसारखं आवळून बसलेलं. मेलेलं नव्हतं. पण पाचव्या दिवशी ज्या पोकळ चेंडूची आम्ही वाट बघतो, तोही नव्हता. मूठ मिटलेलीच.

आणि दहाच्या सुमाराला इंजिनिअर आला. शरणबसप्पा त्याचं नाव, सोलापूरचा. माणूस भला, पण घाईतला. हातात पेटी न्यायचा कागद आणि पेचकस.

"कोण सही करतंय?"

मामा दारात उभा राहिला. "सही हुईल. उद्या."

"उद्या मला लातूरला जायचंय मामा. तुम्हीच आजचा सोमवार दिला होता."

"आत एकजण हाय."

"किती मोठं?"

"लई मोठं. डोळ्याला दिसत न्हाय एवढं मोठं."

शरणबसप्पा हसला, मग ताईकडं बघितलं. ताई म्हणाली, "चाळीस वर्षांच्या बीजाचं भ्रूण आहे. अशांना कधी कधी एक दिवस जास्त लागतो. पाचव्या दिवशी बंद केलं तर काय झालं असतं ते कधीच कळणार नाही. मला उद्या सकाळपर्यंतचा वेळ हवा."

त्यानं पेचकस खिशात टाकला. "चहा तरी पाजा मग," एवढंच बोलला आणि बाकड्यावर बसला.

दुपारी दोन वाजले आणि वीज गेली. धाराशिवला वीज जाते यात नवल काय. पण जनरेटरनं दोनदा खोकून मान टाकली. बॅटरीवर नवी पेटी चालू राहिली, माझ्या वाट्याची बॅटरी मात्र जुनी, पाच मिनिटांत संपली. पडदा विझला. पंखा थांबला. मी आयुष्यात पहिल्यांदा पोटात जीव असताना निजले असते.

"दार उघडू नका," ताई ओरडली नाही, ठासून म्हणाली. "बंद दारात ऊब टिकते. कुणी हातही लावू नका."

बाहेर मामा जनरेटरशी झुंजत होता. शरणबसप्पा उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मला न्यायला आणलेला पेचकस घेऊन त्याच्या शेजारी बसला. आत मी एकटी. माझ्या काचा दुहेरी, पत्रा जुन्या काळचा, जाड. नव्या पेट्या हलक्या असतात. मला दोघांना उचलावं लागतं म्हणून सगळे बोल लावायचे. त्या दिवशी तो जाडेपणा कामाला आला. सदतीसचं साडेछत्तीसला आलं. मी तिथं पाय रोवले. दोन ते चार, मामाच्या पहाऱ्याचीच वेळ. लांब कुठंतरी त्याच्या गावात या घटकेला वीणा कुणाच्या तरी गळ्यात होती, आणि इथं तो एवढासा जीव माझ्या गळ्यात होता. वीस मिनिटांनी जनरेटर घरघरला. मामाच्या तोंडाला काजळी, शरणबसप्पाच्या शर्टाला डिझेल. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा चहा मागवला.

मंगळवारी सकाळी समृद्धीताईनं बशी बाहेर काढली. बराच वेळ भिंगावरून डोळा हलेना. मग तिनं बाहेरच्या पडद्याचं बटण दाबलं.

मूठ उघडली होती. स्वच्छ, गोल, पोकळ चेंडू, आणि एका कडेला पेशींचा घट्ट पुंजका. बाळ होतं ते त्या पुंजक्यातून. सहाव्या दिवशी का होईना, त्यानं स्वतःची चूल पेटवली होती.

तारामतीनं पडद्याकडं बघितलं. हात जोडले नाहीत, रडलीही नाही. विचारलं, "कागदावर वय काय लिवलंय?"

"चाळीस."

"मग बरूबर."

डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं, की हा चेंडू दिसायला चांगला आहे, आतले धागे सरळ आहेत की नाही ते दिसत नाही. अजून वाट आहे. सहाव्या दिवसापर्यंत आईच्या पोटाची त्या महिन्याची वेळ सरलेली असते, म्हणून तो जीव गोठवून ठेवला आणि पुढच्या महिन्यात तारामतीच्या पोटात सोडला. माझं काम मात्र त्याच सकाळी संपलं. ताईनं माझं दार उघडलं, आतून पुसून घेतलं आणि बटण खाली केलं. शरणबसप्पानं मला नेलं नाही. कागदावर लिहिलं: दवाखान्यातच राहू द्यावी. मामानं मला ओढत आणून या पिंपाशेजारी ठेवलं.

मित्रांनो, खोटं सांगणार नाही. सगळ्यांचा सहावा दिवस असा उजाडत नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात एका अठ्ठावीस वर्षांच्या ताईची पाचही भ्रूणं माझ्या उबेत थांबली, आणि मी काही कमी केलं नव्हतं. वय म्हणजे निकाल नाही. पण वय म्हणजे थट्टाही नाही. ते ठाऊक असलं तर डॉक्टर नीट वाट दाखवू शकतात, आणि माणूस डोळे उघडे ठेवून चालू शकतो. म्हणून माझं एक मागणं आहे. आज घरी गेलात की आईला, आजीला विचारा, तुझा खरा जन्म कधीचा. भूकंपाच्या आधीचा की नंतरचा, कोणत्या दिवाळीचा. आणि ते लिहून ठेवा. तुमच्या मागं येणाऱ्या भावंडांच्या नावापुढं कुणी एक जून लिहायला लागलं, तर हात धरा त्याचा. आणि हो, जुनं यंत्र दिसलं तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवण्याआधी एकदा त्याला विचारा, तू काय सांभाळलंस म्हणून.

परवा दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सिताबाई ईटहून एसटीनं एकटीच आली. ओल्या डोळ्यांनी मामाला म्हणाली, "नात झाली. शुक्रवारी, श्रावणात, सकाळी सव्वासातला. जावयानं तारीख दारामागं रंगानं लिवून ठिवलीया, चुना मारला तरी पुसायची न्हाय."

"नाव काय ठिवलं?"

"करिश्मा. तिच्या बापाची आवड. मला उच्चाराय येतंय का बघ."

मग तिनं पिशवीतून एक नवी लोकरीची दोरी काढली. पांढरी, अजून मेंढीचा वास असलेली. मामानं नाक वर केलं, पण अडवलं नाही. इथं पॅसेजमध्ये चालतं.

"पोरीची दोरी घरी हाय," ती म्हणाली. "ही ह्या पेटीची. पयलं सहा दिवस हिच्यात राहिली माझी नात. हिचं वय किती?"

"कागदावर कायतरी लिवलंय," मामा म्हणाला. "खरं कुणाला ठावं."

"मग हितनंच मोजू," सिताबाई म्हणाली.

आणि तिनं ती दोरी माझ्या दाराच्या मुठीला बांधली. बघा, अजून आहे. तिला एकच गाठ आहे.